आठ कोनांचे अण्णा

अण्णांच्या घरी गेलं की पहिली भेट आपली आपल्याशीच होते. पडवीची पायरी चढलात की उजव्या भिंतीवरून एक घामाघूम गृहस्थ तुमच्याकडे रोखून बघत असतो. तो कोण हे ध्यानात येईस्तोवर ओटीवरच्या दुसऱ्या आरशात त्याची पाठ दिसते आणि माजघराच्या दाराशी, तिसऱ्यात, त्याचं टक्कल. देवगडच्या उन्हातून चढ चढून आलेल्या माणसाला स्वतःचा एवढा सहवास सोसत नाही. पोस्टमन हल्ली खळ्यातूनच हाक मारतो. मीटरचं रीडिंग घेणारा नवीन पोरगा एकदा आत शिरला, आरशाला "अण्णा आसत काय?" म्हणून विचारलं आणि उत्तर आलं नाही म्हणून निघून गेला.

अण्णा मोजणी खात्यातून निवृत्त झाले. उभा जन्म साखळी आणि फलकयंत्र घेऊन सड्यावरून हिंडण्यात गेला. विजयदुर्गापासून मिठबावपर्यंत कोणत्या गडग्याचा कोणता चिरा कोणी कोणत्या साली वीतभर सरकवला, हे त्यांना तोंडपाठ. सातबारावर चाळीस-चाळीस नावं असलेल्या कलमांच्या बागा त्यांनी मोजल्या, शिव्या खाल्ल्या, चहाही प्याले. त्यांच्या स्वतःच्या खळ्याची मोजणी मात्र आजतागायत झालेली नाही. खळं सामायिक, पलीकडे चुलतभावाचं घर. मोजणीचा अर्ज एकदा अण्णांनी केला, एकदा त्या चुलतभावाने, म्हणजे भाईंनी. दोन्ही वेळा दुसऱ्याने हरकत घेतली. खरी हद्द कुठून जाते हे दोघांनाही ठाऊक असावं आणि ते कागदावर येऊ नये यावर दोघांचं एकमत असावं, असा माझा अंदाज आहे.

निवृत्तीनंतर माणसाच्या हातात वेळ असतो. अण्णांच्या हातात कंपासही होता. अशात एका दिवाळी अंकात राशिभविष्याच्या शेजारी फेंगशुईवरचा लेख त्यांच्या वाचनात आला. लेखात वस्तू पुष्कळ होत्या, पण अण्णा पारखून घेणारा माणूस. लाफिंग बुद्धा त्यांनी पहिल्या फटक्यात बाद केला. घरात एक गृहस्थ बसवायचा, तो सारखा हसणार आणि कशाला हसतो ते विचारायचं नाही, हे त्यांना रुचलं नाही. तीन पायांच्या बेडकावर म्हणाले, "चार पायांचे आमका मिरगात फुकट मिळतत." वाऱ्यावर किणकिणणाऱ्या नळ्या त्यांनी हौसेने टांगल्या, पण ज्या गावच्या सड्यावर वारा भरपूर म्हणून पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्या गावात किणकिण होत नाही, बडवाबडवी होते. पहिल्या रात्री आवाठातली सगळी कुत्री भुंकत राहिली आणि सकाळी नळ्या भाईंच्या माडाखाली सापडल्या. त्या परत मागायला कोण जाणार? तेव्हा उरले आरसे.

शास्त्रावर बोलताना अण्णांची भाषा बदलते. एरवी मालवणीत बोलणारा हा माणूस 'ऊर्जा' म्हणताना खुर्चीत ताठ बसतो आणि पंचनाम्याच्या मराठीत शिरतो. "सदर ऊर्जा ही वाऱ्यावर उधळते व पाण्याशी थांबते," असं ते सांगतात, आणि यात त्यांच्या पदरचं काही नाही. चौथ्या शतकातल्या ग्वो फू नावाच्या चिनी पंडिताच्या नावावर जो 'झांगशू' ग्रंथ सांगतात, त्यात हेच आहे. गंमत अशी की तो ग्रंथ घराच्या सजावटीचा नाहीच. वाडवडलांना कुठे पुरलं म्हणजे वंशजांचं भलं होईल, याचा तो विचार आहे. पूर्वजांची सोय नीट लागली नाही तर पुढच्यांचं वाटोळं होतं, हे कोकणी माणसाला चीनकडून शिकायची गरज नव्हती. दिवाणखान्यात आरसा कुठे टांगावा ही काळजी त्या मानाने कालपरवाची. बीजिंगमध्ये जन्मलेले लिन युन अमेरिकेत जाऊन ही विद्या शिकवू लागले, त्यांच्या शिष्या सारा रॉसबाख यांनी 1983 मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिलं, आणि ज्यांना ना डोंगर निवडता येत होता ना नदी, अशा फ्लॅटवाल्यांना निदान भिंत निवडायची सोय झाली. अडलं की आरसा. खांब नडतो, आरसा लावा. कोपरा कमी पडतो, आरसा लावा. अण्णांना हे फार भावलं. जमीन न हलवता हद्द हलवायची ही विद्या खात्यात कोणी शिकवली नव्हती.

देवगडची अडचण अण्णांनी मला एकदा नीट समजावून सांगितली. "वारा आहे, म्हणजे ऊर्जा येते. पाणी आहे, म्हणजे ती थांबायला हवी. परंतु आपलं पाणी भरती-ओहोटीचं. जे आलं ते सहा तासांनी चाललं. आंब्याच्या पैशाचं होतं तेच." इथे त्यांनी एक सुस्कारा सोडला आणि पुढचं वाक्य मालवणीत म्हटलं, ते छापण्याजोगं नव्हतं.

मग त्यांनी घर हाती घेतलं. आमच्याकडच्या जुन्या घरांत पुढचं दार, माजघराचं दार आणि मागीलदार एका रेषेत असतात. खळ्यात उभं राहिलं तर थेट परसातली केळ दिसते. मे महिन्यात जीव जगतो तो या रेषेतल्या वाऱ्यावर. शास्त्राच्या मते मात्र ही रेषा म्हणजे घात. ऊर्जा पुढून शिरते आणि कोणाला रामराम न करता मागून निघून जाते. अण्णांनी माजघरात पार्टिशन उभं केलं, त्यावर तिरका आरसा लावला आणि ऊर्जेला वळण दिलं. वाराही तिथेच अडला. अण्णांच्या पत्नीला, म्हणजे काकींना, परसातून खळ्यात यायला घराला वळसा पडू लागला, पंखे दिवसभर फिरू लागले. आरशाने वैभव दुप्पट होतं म्हणतात, त्याची सुरुवात वीजबिलापासून झाली.

दुसरा प्रयोग जेवणाच्या टेबलाशी. समोर आरसा असला की ताटातलं अन्न दुप्पट दिसतं आणि दिसतं ते होतं, असं वचन आहे. बांगडे चार आणले होते, आठ दिसू लागले. काकींनी आरशाकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं, जेवायला बसलेल्या अण्णांकडे दोनदा पाहिलं.

"आरशातले बांगडे तळूक कोणाक सांगू? आनि जेवणारेय दोन दिसतत. मगे भात कितको घालू?"

अण्णा काही बोलले नाहीत. गॅसच्या मागच्या आरशावर मात्र ते अडून बसले. शेगडी म्हणजे लक्ष्मी. बर्नर दोनाचे चार दिसले पाहिजेत. आता मालवणी स्वयंपाकघरात आरसा किती वेळ आरसा राहणार? पहिल्या वाफेला तो धुरकटला, फोडणीला त्यावर शिंतोडे उडाले आणि वाटप भाजून होईस्तोवर चारी बर्नर तेलकट धुक्यात गेले. काकींनी पदराने मधोमध एक वर्तुळ पुसलं आणि त्यात बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "चाळीस वर्सां रांदतंय, पन रांदताना माझा तोंड असा दिसता ता माका ठावक नव्हता. तुमी तेवाच सांगूक होया होता."

काकींची खरी तक्रार वेगळीच. त्यांच्या लग्नातल्या लोखंडी कपाटाला उभा आरसा होता. झोपलेला माणूस आरशात दिसता नये, या नियमाखाली अण्णांनी त्यावर वर्तमानपत्रं चिकटवली. घरातला कामाचा आरसा तेवढा गेला. बाकीचे सगळे अण्णांच्या उंचीने टांगलेले, कारण आरशात घरच्या कर्त्याचं डोकं कापलं जाता नये असाही एक नियम आहे. अण्णा सहा फूट, काकी जेमतेम पावणेपाच. आरशांनी गच्च भरलेल्या त्या घरात काकींना आपला भांग तेवढा दिसतो, त्याखाली चौकटीची पट्टी. त्या कुंकू लावतात ते स्टीलच्या ताटाच्या पाठीकडे बघून.

तिजोरीतला आरसा ही अण्णांची सर्वांत मोठी आशा आणि सर्वांत मोठा घोटाळा. पैसे ठेवायच्या कपाटात मागच्या फळीला आरसा लावायचा, नोटा दुप्पट. पण अण्णा त्याच कपाटात वाशीच्या बाजारातून येणाऱ्या आंब्याच्या पट्ट्याही ठेवतात. पट्टीवर पेट्या किती, भाव काय, हे वर असतं. आणि खाली हमाली, तोलाई, मोटारभाडं. काकींचं म्हणणं, वजावटही दुप्पट झाली असेल. अण्णांनी यावर रात्रभर विचार केला आणि सकाळी युक्तिवाद काढला की आरशात सगळं उलटं दिसतं, तेव्हा वजाबाकीची बेरीजच होत असणार. बँकेची पीककर्जाची नोटीस मात्र त्यांनी त्याच दिवशी कपाटातून काढून न्हाणीघराच्या कोनाड्यात ठेवली. विषाची परीक्षा कशाला?

या सगळ्यात ज्याचे पैसे खरोखर दुप्पट झाले असा माणूस एकच, जामसंड्याचा काचवाला. त्याच्या मदतीला खारा वारा होता. लीबिग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1835 मध्ये काचेच्या पाठीवर चांदीचा पातळ थर चढवायची कृती शोधली. त्याला देवगडचा पावसाळा माहीत नव्हता. इथली दमट खारी हवा कडेने आत शिरते, चांदी खाते आणि गणपती येईस्तोवर आरशाला काळे डाग फुटतात. डागाळलेला आरसा अशुभ, म्हणून बदलायचा. पण अण्णांमधला मोजणीदार डागांकडे नुसता डाग म्हणून बघू शकत नाही. ओटीवरच्या आरशातला डावीकडचा डाग म्हणजे हुबेहूब शिरगावच्या एका तक्रारी गटाचा नकाशा आहे, पश्चिमेचा पाणंद रस्तासुद्धा दिसतो, असं ते पाहुण्यांना बोट लावून दाखवतात. काचवाला नवा आरसा घेऊन आला की जुना काढताना त्यांचा जीव खालीवर होतो.

इथवर सगळं घरातल्या घरात होतं. मग अण्णा महाशिवरात्रीला कुणकेश्वरच्या जत्रेला गेले आणि खाज्याच्या दुकानाशेजारच्या पालातून बाग्वा आरसा घेऊन आले. लाल-हिरवी आठ कोनांची चौकट, कोनाकोनाला तीन-तीन रेघा, मधोमध चहाच्या बशीएवढी गोल काच. हा आरसा घरात लावायचा नसतो. तो बाहेर, दारावर, शत्रूकडे तोंड करून. समोरून जे काही वाईट चालून येतं ते तो परतवतो. अण्णांच्या दारासमोर येतं ते भाईंच्या आढ्याचं टोक. अण्णांनी कंपास लावला, अंश मोजले, खिळा ठोकला.

भाई संध्याकाळी खळ्यात उभे राहिले.

"माझ्या घरार काय ता रोखून ठेवलंस?"

"तुझ्या आड्याचो कोनो माझ्या दारार इलो आसा. ऊर्जा खराब करता."

"कोनो आज्याच्या वेळचो आसा. आज्याक इचार!"

आजोबा दोघांचे एकच, त्यामुळे प्रश्न तिथेच अडला. चौथ्या दिवशी भाईंच्या दारावरही आठ कोन आले, अण्णांच्यापेक्षा वीतभर मोठे. हे वाचून कोणी देवगडकरांना हसू नये. हाँगकाँगमध्ये बँक ऑफ चायनाचा टोकदार काचेचा मनोरा 1990 मध्ये पुरा झाला, त्याच्या धारा शेजाऱ्यांवर रोखल्या आहेत म्हणून बोंब झाली, आणि मग एचएसबीसी बँकेच्या गच्चीवर तोफांसारखे दिसणारे दोन सांगाडे त्या मनोऱ्याच्या दिशेने उभे राहिले, असं तिथले लोक सांगतात. बँका असल्या म्हणून काय झालं, भावकी ती भावकी. आमच्याकडे तोफा विजयदुर्गावर आहेत, पण त्या हलवायला परवानगी लागते.

अण्णांनी मोठा आरसा आणला. त्यावर भाईंनी जे केलं त्याला तोड नाही. घाटाच्या वळणावर समोरची गाडी दिसावी म्हणून फुगीर गोल आरसा खांबावर लावतात ना, तसला एक त्यांनी कुठूनसा पैदा केला आणि पडवीच्या वाशाला टांगला. सपाट आरसा सरळ परतवतो. फुगीर सगळीकडे उधळतो. आता अण्णांकडून निघालेली पीडा भाईंच्या आरशावर आपटून अर्ध्या आवाठात पसरू लागली. तिसऱ्या घरातली म्हैस दूध कमी देऊ लागली त्याचं खापर यावर फुटलं. उत्तरादाखल अण्णांनी छपरावर एक आरसा असा बसवला की देवगड किल्ल्यावरच्या दीपगृहाचा झोत रात्री फिरत आला की त्याची तिरीप भाईंच्या खाटेवर पडावी. बंदरावरच्या खलाशांनी चावडीवर गंभीर तोंडाने कळवलं, "अण्णानू, सांभाळा हां. रात्री ट्रॉलर बंदर सोडून तुमच्या खळ्यात लागतले."

युद्ध थांबवलं ते माकडांनी. फळ धरायला लागलं की लालतोंड्या माकडांच्या टोळ्या बागांत उतरतात. औषध, राखण, फटाके, कशालाही जुमानत नाहीत. त्या वर्षी टोळीचा म्होरक्या भाईंच्या पडवीवर आला आणि त्याला फुगीर आरशात दुसरा म्होरक्या दिसला. फुगीर आरशात सगळं लहान दिसतं. आपल्यापेक्षा लहान प्रतिस्पर्धी दिसल्यावर कोणाला चेव येणार नाही? त्याने हल्ला केला. मग त्याला अण्णांच्या छपरावरही एक दिसला, तो मात्र बरोबरीचा. पुढे कितीतरी दिवस ते जनावर या छपरावरून त्या छपरावर नाचत होतं आणि खाली मंगळुरी कौलांचा खच पडत होता. बाकीची टोळी त्या अवधीत निवांतपणे दोन्ही बागांतल्या कैऱ्या खात होती.

शेवटी गाऱ्हाणं घालायचं ठरलं. ग्रामदेवतेच्या सभामंडपात दोन्ही घरं उभी राहिली, मानकऱ्याने नारळ हातात घेतला.

"बा देवा म्हाराजा, आज जो काय तुझ्या लेकरांच्या खळ्यात आरशांचो वाद उभो रवलो आसा, तो तुझ्या पायाकडे ठेवतंव."

"व्हय म्हाराजा!"

"आरशातला ता आरशात आनि खळ्यातला ता खळ्यात रवांदे."

"व्हय म्हाराजा!"

"माकडाक तेच्या रानाची वाट दिसांदे."

"व्हय म्हाराजा!"

"आनि चीन देशातसून जा काय इला आसात, ता इल्या वाटेन परत जावंदे."

"व्हय म्हाराजा!" इथे एक आवाज कमी पडला. मानकऱ्याने डोळा उघडून अण्णांकडे पाहिलं आणि नारळ फोडला. तडजोड अशी निघाली की छपरावरचा आरसा उतरवायचा, दारावरचे राहू द्यायचे.

त्यानंतर एकदा अण्णा आत पाणी आणायला गेले असता मी त्यांच्या आरामखुर्चीत बसलो. ती खुर्ची कोणी वापरलेली त्यांना चालत नाही, आणि का चालत नाही हे टेकल्या क्षणी कळलं. पडवीतल्या आरशात भाईंचं खळं दिसत होतं. ओटीवरच्या आरशात भाईंची न्हाणी आणि तिच्यापुढची वाट. पार्टिशनवरच्या तिरक्या आरशात भाईंच्या मागीलदारची मासे साफ करायची फातर, त्यावर सुंगटं की बांगडे हे ओळखण्याइतकी स्वच्छ. कंपास खरा, अंश खरे, दिशा शास्त्रातल्या. फक्त प्रत्येक आरसा दोन बोटं कललेला. भाईंकडे आंब्याचा कोणता व्यापारी आला, टेम्पो रिकामा गेला की भरून, मुंबईचे पाहुणे किती दिवस राहिले, सगळं मान न वळवता. आणि समोर वाशाला तो फुगीर आरसा, ज्यात हे अख्खं घर, खुर्ची आणि खुर्चीतला मी, एवढेएवढेसे दिसत होतो. त्याच्याखाली भाई सुपारी कातरत बसले होते. खुर्चीत आज अण्णा नाहीत हे त्यांनी ओळखलं असणार, कारण अडकित्ता थांबला.

मागे काकींना चक्कर आली तेव्हा हाक मारायच्या आधीच भाईंची बायको लिंबू-साखर घेऊन दारात हजर होती. त्याची चर्चा कोणी केली नाही.

यंदा पावसाच्या तोंडावर भाईंना मुलाने डोंबिवलीला नेलं. घर बंद. अण्णांच्या आरशांत बंद दार, ओलं खळं आणि एखादी कोंबडी. पंधरवडा कसाबसा काढून त्यांनी डोंबिवलीला फोन लावला. मी समोरच होतो. अण्णांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचा फोन सगळ्या आवाठाला ऐकू जातो.

"तुझ्या आरशार शेवाळ चडलीहा. काय एक दिसना."

"तुका काय दिसाक व्हया?"

"माका काय व्हया? तुझी वस्तू खराब होता म्हणान सांगलंय. पुसू काय?"

"हात लावलंस तर बघ! आरसो माझ्या हद्दीत आसा."

"हद्द खय मोजलीहा?"

पलीकडे जरा वेळ डोंबिवलीच्या गाड्यांचा आवाज.

"चतुर्थेक येतंय," भाई म्हणाले. "मीच पुसतलंय. पन तेच्या आदी तुझो तो आठ कोनी काढून ठेव."

"काढूचंय नाय," अण्णा म्हणाले. "कोकणकन्येन येतलंस काय तुतारीन? कणकवलेक रिक्षा धाडतंय."